शिडाच्या होडीतला भाऊ

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि आमच्या चाकूरच्या विहिरी आटल्या होत्या. नौदलातला माझा थोरला भाऊ तेव्हा परदेशातल्या बेटांभोवती शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत उतरला होता. वादळात काही होड्या बेपत्ता झाल्याचं रेडिओवर कळलं. मी वडिलांना घेऊन लातूरच्या तारघरात गेले आणि मुंबईला ट्रंककॉल लावला. नौदलाच्या कचेरीतले साहेब म्हणाले, "त्याच्या होडीची डोलकाठी मोडली, पण सगळे सुखरूप बंदरात पोचलेत."

वडिलांनी फोन घेतला. "साहेब, प्यायला पानी व्हतं का लेकराजवळ?"

"पाऊसच इतका पडला, बाबा, की शिडात धरून तोच प्यायले."

"लई चांगलं झालं," म्हणत वडील बाहेर पायरीवर बसले. बातमी आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी चहा मागितला.