गाडीतला माइक

"एक माइक मांगच्या गाडीत लागन," वर्षाताई म्हणाली. "त्याचा आवाज फक्त दादाच्या कानात जाऊ द्या. बाहेर नको."

शेलूबाजारला कार्यक्रम होता. मी साउंड इंजिनिअर. स्टेजवरचे सगळे आवाज माझ्या मिक्सरवरून स्पीकरला जातात. गायक होता मंगेश, आसेगावच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. आधी तो व्यावसायिक फुटबॉलपटू, एका मोठ्या क्लबचा डिफेंडर. खेळ सुटल्यावर गिटार धरली, गाणी लिहिली आणि वऱ्हाडीत रॉक गायला लागला. वर्षा त्याची बहीण, मॅनेजरही तीच.

स्टेजमागं उभ्या गाडीच्या काचा काळ्या.

"आत कोण बसणार?"

"मीच."

मला पटलं नाही. मॅनेजर स्टेजजवळ हवी, गाडीत कशाला? साउंडचेकला मंगेश नुसता गुणगुणला. "गळा जपून राह्यलो," म्हणाला. माझा संशय पक्का झाला. आत दुसराच गायक बसणार, आयत्या वेळी मला तो माइक बाहेर सोडायला लावणार आणि हा ओठ हलवणार. असलं काही उघडं पडलं की लोक आधी मिक्सरवाल्याला धरतात.

पहिलं गाणं सुरू झालं. मिक्सरवर कुठलाही एक माइक हेडफोनमध्ये एकटा ऐकता येतो, बाहेर कुणाला कळत नाही. मी गाडीचा ऐकला. आत खरंच वर्षाताई होती. ती गात नव्हती. प्रत्येक ओळीचे पहिले दोन-तीन शब्द सपाट आवाजात सांगत होती, आणि मंगेश ती ओळ उचलत होता. आवाज त्याचाच, दणदणीत.

पण स्वतः लिहिलेली गाणी पाठ कशी नाहीत? आता वेगळीच शंका आली. लिहिणारी बहीण आणि नाव भावाचं.

आयोजक भाऊसाहेब शेजारी होते. त्यांनी माझा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला.

"हे त लबाडी हाय. थो माइक बाहेर सोड. लोकायले समजू दे."

"गाणं चालू आहे, भाऊसाहेब."

"मंग पुढच्या गाण्याले सोड. नाही त पुढच्या टायमाले दुसरा मिक्सरवाला पाहीन."

मध्यंतर झालं. मी गाडीकडं गेलो. काच खाली आली.

"ताई, गाणी कोण लिहितं?"

"काहून?"

"भाऊसाहेबांनी तुमचा आवाज ऐकला. बाहेर सोड म्हणतात."

आजूबाजूला कुणी नाही हे तिनं पाहून घेतलं.

"लिहिते दादाच. मॅचमधी गोलपोस्टवर डोकं आपटलं. शुद्धीवर आला तवा मले ओळखलं नाही त्यानं. खेळ तवाच सुटला. चाल ध्यानात राहते, शब्द निसटतात. कोणाले सांगू नका."

तेवढ्यात मंगेश आला. त्यानं आमचं बोलणं ऐकलं होतं. माझा अजून विश्वास बसत नव्हता. मी विचारलं, "आज सुरुवात कोणत्या गाण्यानं केलीत?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग बहिणीकडं. पहिल्या गाण्याची चाल गुणगुणला, पण शब्द सापडेनात. त्या चेहऱ्यावरचा घाम नाटकाचा नव्हता.

"शेवटच्या गाण्याले थो माइक बाहेर सोडा," तो म्हणाला. "दुसऱ्यानं सांगण्यापरीस मीच सांगतो."

"कायले, दादा?" वर्षा म्हणाली. तो स्टेजकडं निघून गेला होता.

भाऊसाहेबांना मी शेवटच्या गाण्यापर्यंत थांबायला सांगितलं. त्या गाण्याआधी मंगेश लोकांना म्हणाला, "खेळताना डोक्याले मार लागला. मले शब्द आठवत नाही. बहीण सांगते, मी गातो. आज तुमीबी ऐका."

मी गाडीचा आवाज वाढवला. वर्षाचे दोन शब्द मैदानभर गेले, थरथरतच. मंगेश गायला. हे गाणं पोरापोरींच्या मोबाइलवर आधीच होतं. दुसऱ्या ओळीला पुढच्या रांगा तिच्याबरोबर शब्द सांगू लागल्या, मग मागच्याही. तिसऱ्या कडव्यात गाडीतला माइक गप्प झाला. मला वाटलं, वायर निसटली. हेडफोन लावला तर ती रडत होती. मी तो माइक बंद केला. मंगेश अडला नाही. शब्द समोरून येत होते.

सत्काराच्या वेळी भाऊसाहेबांनी भाषण केलं. बहिणीचा आवाज बाहेर सोडायची कल्पना आपलीच होती, असं सांगितलं. तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं.

जादा माइक कुणी मागितला की मला आजही संशय येतो. या धंद्यात तो यायलाच हवा. फक्त आता मी आधी हेडफोन लावतो.