चौशेविचसाहेबांचा जबलपुरी चेला

भैयालाल मेश्राम जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात फिटर आहेत आणि तिथल्याच फुटबॉल संघाचे कोच. पगार पहिल्या कामाचा, रुबाब दुसऱ्याचा. दोन वर्षांपासून त्यांच्या डोक्यात नेदीम चौशेविच शिरला आहे. हा माणूस बोस्नियाचा. पूर्वी देशाकडून खेळायचा, आता युरोपातल्या एका संघाचा मॅनेजर. कारखान्यातल्या प्रत्येक मोबाइलवर त्याचे व्हिडिओ. लोक त्याच्यावर जीव टाकतात ते तो जिंकतो म्हणून नाही. संघ हरला की तो पत्रकारांसमोर बसतो आणि म्हणतो, "पोरं छान खेळली. चूक माझी." एवढ्यावर जबलपूरच्या विजय नगरमधल्या सलूनमध्येसुद्धा माणसं अर्धी दाढी तशीच ठेवून हळवी होतात.

भैयालालनी त्याचं सगळं उचललं. एप्रिलातही काळा लांब कोट, खिशात हात, आणि गोल झाला तरी न हसणं. त्यांच्यासारख्या खिदळ्या माणसाला हे शेवटचं फार जड जायचं.

यंदा कारखान्यांच्या स्पर्धेच्या फायनलला एक-एक बरोबरी होती. शेवटच्या मिनिटाला कॉर्नर मिळाला आणि भैयालाल ओरडले, "अश्वजीत, तू बी जा समोर!" अश्वजीत म्हणजे गोलकीपर, चाळिशीचा, त्यांच्याच सेक्शनमधला. बिचारा धावत गेला. चेंडू उलटा आला आणि रिकाम्या गोलात निवांत शिरला.

मॅच बघायला आलेल्या कारखान्याच्या बडे साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ये गोलकीपर वहाँ क्या कर रहा था?"

"मना किया था, साहब," भैयालाल म्हणाले. "सुनता ही नहीं."

अश्वजीतनं हातमोजे काढले, त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि गाडीला किक मारली.

बायको ममता मैदानावरच होती. जेवताना तिनं विचारलं, "तुमचे ते चौशेविच हरल्यावर काय म्हणते हो?"

भैयालालनी भाजीचं भांडं पुढं ओढलं.

"अन् तुम्ही काहून खोटं बोलले?"

दुसऱ्या दिवशी रविवार. भैयालाल अश्वजीतच्या दारात उभे राहिले, कोटाशिवाय.

"जय भीम."

"जय भीम. बोला, भैयाजी."

"चुकलो रे. माफी मागून राहिलो."

"मले काय सांगता? मले तर माहीतच आहे. जिथं बोलले, तिथं सांगा ना."

सोमवारी भैयालाल आधी बडे साहेबांकडे गेले. साहेबांनी फाइलमधून मान वर केली. "कौन सा गोलकीपर?" त्यांना मॅचसुद्धा आठवत नव्हती. पण कारखान्याला आठवत होती. चहाच्या सुट्टीत भैयालाल कॅन्टीनमध्ये उभे राहिले आणि कान लाल होईपर्यंत सगळं सांगितलं: पाठवलं मी, खोटं बोललो मी. कोणी हसलं नाही, हेच जास्त लागलं. अश्वजीतनं ऐकलं, कप ठेवला, कामावर गेला.

आठवडाभर तो प्रॅक्टिसला आला नाही. गोलात मग भैयालाल स्वतः उभे राहिले. पहिल्याच दिवशी सात गोल खाल्ले. आठवा अडवताना असे आडवे झाले की दोघांनी हात देऊन उठवलं. त्या दोघांत अश्वजीत आहे का, हे त्यांनी आधी पाहिलं. नव्हता.