काकूंनी घेतलेलं समन्स

तुम्हाला वाटत असेल, मूर्खपणा करायला माणूस अडाणी लागतो. तर चहा घ्या आणि ऐका. माझ्याकडे एम.ए.ची पदवी होती, आणि वर मोबाइलवर अर्धवट वाचलेला कायदा.

मयूर विहारमधल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत मी दर रविवारी आसपासच्या मुलांना फुकट शिकवते. घरमालकाचं म्हणणं, मी तिथे कोचिंगचं दुकान थाटलंय. घर खाली करून मागायला त्याने सरळ दावा ठोकला. घर गेलं की वर्गही गेला.

कोर्टाचा माणूस समन्स घेऊन आला तेव्हा मी ऑफिसात. समोरच्या फ्लॅटमधल्या सुलभाकाकूंनी दार उघडलं. आता दिल्लीत दोन मराठी दारं समोरासमोर आली की नातं जुळायला पत्रिका लागते का? त्याने विचारलं, "आप इनकी कौन?"

"मैं इसकी काकू. लाइए, मैं दे दूंगी."

सही करून त्यांनी समन्स घेतलं आणि संध्याकाळी साबुदाण्याच्या खिचडीबरोबर माझ्या हातात ठेवलं.

दुसऱ्या कुणी वकील गाठला असता. मी मेट्रोत उभ्या उभ्या कायदा वाचला. समन्स स्वतःला मिळायला हवं, नाहीतर घरातल्या मोठ्या माणसाला. शेजारणीला दिलेलं धरत नाहीत. झालं! माझ्या मते दावा तिथेच आडवा पडला होता.

"काकू, तुम्ही फक्त सोबत चला. ही व्यवस्था किती सडलीय ते आज सगळ्यांना कळेल."

"बरं. तिथे खायला मिळतं का काही, की थालीपीठं घेऊ?"

कोर्टात आमचा पुकारा झाला. जज मॅडम कागद बघत म्हणाल्या, "समन तो आपकी चाची ने लिया है."

"मैडम, यहां मेरी कोई चाची नहीं है. वो औरत मेरी कुछ नहीं लगती." आणि मी बाणेदारपणे मागे बोट दाखवलं.

मागे काकू माझी पर्स, माझी ओढणी, माझी पाण्याची बाटली आणि थालीपीठांचा डबा मांडीवर सांभाळत बसल्या होत्या.

मॅडमनी ते सगळं सामान नीट पाहिलं. "कुछ नहीं लगती?"

"बिल्कुल नहीं. काकू, सांगा ना त्यांना, तुम्ही माझ्या कोणी नाही म्हणून."

काकू सामानासकट उभ्या राहिल्या. "नहीं जी, कोई नहीं लगती," त्या हळूच म्हणाल्या. "बुखार आए तो मेरे यहां सोती है, बस."

घरमालकाचा वकील खोकण्याच्या निमित्ताने हसला.

मॅडमनी चष्मा काढला. "समन आपको मिला कब?"

"जी, उसी शाम."

"तारीख पता थी?"

"जी."

"और आप आ भी गईं. तो झगड़ा किस बात का है? जवाब देने के लिए समय चाहिए?"

"जी."

"तो वही मांग लेतीं."

समय मिळाला. पहिल्याच वाक्यात मागितला असता तर पहिल्याच वाक्यात मिळाला असता.

परत येताना ई-रिक्षात काकू सारखं बाहेर बघत होत्या. डबा उघडलाच नाही.

मग मी शहाण्यासारखी एका वकील मैत्रिणीकडे गेले. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "यार, भाषण राहू दे. तू पैसे घेत नाहीस, हे शपथेवर सांगणारं कुणी आहे का? दर रविवारी डोळ्यांनी बघणारं?"

माझ्या मजल्यावर समोर एकच दार आहे.

बेल वाजवली. काकूंनी दार अर्धंच उघडलं.

"काकू, चुकलंच माझं. माझ्या बाजूने साक्ष द्याल?"

"देईन की." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी तुझी कोणी नाही, हे कोर्टाला तूच सांगून आलीयस. परक्या बाईची साक्ष तर जास्तच धरतात, नाही का?"