बर्लिंडबाईंची जीभ

आल्स्ट गावात कुठल्याही टपरीवर फ्राइज खा, तिथला तळायचा फ्रायर बहुतेक कस्टलाइनांच्या दुकानातलाच निघेल. बर्लिंडच्या वडिलांनी, आखील कस्टलाइननी, मठातल्या नन्सची कपडे उकळायची जुनी टाकी उचलून आणली, खाली शेगडी बसवली आणि फ्रायर बनवायचा धंदा सुरू केला. पहिल्या दिवशी फ्राइजना साबणाचा असा वास, की गिऱ्हाइकांनी आखीलच्या सात पिढ्या उद्धरल्या. तेव्हापासून नियमच झाला: घरच्या माणसाने फ्राइज दोनदा तळून, खाऊन बघितल्याशिवाय फ्रायर दाराबाहेर जायचा नाही.

गेली बेचाळीस वर्षं ते घरचं माणूस म्हणजे बर्लिंड. बाई अंगाने दणकट, तोंडाने त्याहून. "तुझी तळणाची चरबी शिळी आहे," असं टपरीवाल्याला तोंडावर सांगायची आणि तोही मुकाट्याने चरबी बदलायचा.

एकुलत्या एका मुलीला, हिल्काला मात्र हे सगळं जुनाट वाटे.

"आई, थर्मामीटर आहे ना आता? घरी बस, मांजर सांभाळ."

"तुझा थर्मामीटर फ्राइज खातो का गं?"

आणि बर्लिंड पुढच्या फ्रायरमध्ये फ्राइज सोडे. पण जानेवारीत बर्लिंडला ताप आला आणि जाताना चव घेऊन गेला. कॉफी काय नि गरम पाणी काय, सगळं सारखंच! बाई हबकली. हिल्काला हे कळलं, तर संपलंच, उरलेला जन्म मांजरापाशी. मग बर्लिंडने नाटक सुरू केलं. रंग बघायचा, दाताखाली कुरकुर ऐकायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "वा!" तीन महिने एकही तक्रार आली नाही. बाईला वाटलं, आपण भलत्याच हुशार.

एका शुक्रवारी चर्चसमोरच्या टपरीची अलीडा तणतणत दुकानात शिरली. मंगळवारीच तिला नवा फ्रायर गेला होता. तिने फ्राइजचा पुडा काउंटरवर आपटला.

"खा!"

बर्लिंडने खाल्ले. डोळे मिटले. "झकास!"

"झकास? अगं, मशीनच्या तेलाचा वास मारतोय! आतली नळी कुणी धुतलीच नाही. माझं कुत्रंसुद्धा तोंड लावेना, आणि तू म्हणतेस झकास?"

दुकानात तिघं गिऱ्हाइकं उभी होती. बर्लिंडचा चेहरा पांढराफटक पडला. हिल्का पुढे झाली, अलीडाची माफी मागितली, दुसरा फ्रायर आजच पाठवते म्हणाली आणि सगळे गेल्यावर दार लावून घेतलं.

"मंगळवारी माझी दाढ काढली होती," ती म्हणाली, "म्हणून राहिलं."

"काय राहिलं?"

"खायचं. आई, तू तीन महिने जेवणात मीठ नुसतं ओततेस, मला कळणार नाही होय? तू यायच्या आधी रोज साडेसहाला मी फ्राइज तळून खाते. एकही स्कर्ट कमरेला बसत नाही माझा!"

बर्लिंड मटकन स्टुलावर बसली. लाज वाटली, रडू आलं आणि स्कर्टचं ऐकून हसूही आलं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू घरी बसली असतीस."

"तूच तर म्हणायचीस, घरी बस!"

"म्हणायचे," हिल्का म्हणाली आणि उगाच काउंटर पुसू लागली.

बर्लिंडने डोळे पुसले. "उद्यापासून साडेसहाला मीही येते."

"कशाला? तुला चव तर कळत नाही."

"तू चुकलीस तर ओरडायला कोण आहे?"

हिल्काने फडकं खाली ठेवलं. "सव्वासहाला ये," ती म्हणाली, "बटाटे सोलायचे असतात."