पहिली सही

पंचायतीच्या शिपायाला सगळा गाव मामा म्हणायचा. बावीस वर्षं त्यांनी कपाटं पुसली, नोटिसा चिकटवल्या आणि ग्रामसभेची वही दारोदार फिरवली. सभा भरायची ती वहीतच. शंभर सह्या झाल्या की कोरम भरला, आणि कोरम भरला की सचिव ‘सभा खेळीमेळीत पार पडली’ असं लिहून मोकळा. सह्या कोऱ्या पानावर व्हायच्या, मजकूर मागाहून. गावाला त्यात वावगं वाटत नव्हतं, मामांनाही नाही. सगळ्यात आधी ते स्वतःची सही ठोकत, पेन चालतो का बघायला.

त्या खेपेला सचिवाला रजेवर जायचं होतं, म्हणून त्याने मजकूर आधीच लिहून ठेवला. मामांनी सवयीने खाली सही केली, वरच्या आळीत फिरून साठ सह्या पुऱ्या केल्या आणि जेवायला घरी आले. मामी भांडी घासत होती.

"हात पूस आणि सही कर गं."

"कशावर?"

"नेहमीचंच."

मामीने वही ओढून घेतली आणि वाचली. खालच्या आळीचा नळ काढून वरच्या आळीत, सरपंचांच्या मेव्हण्याच्या नव्या घरांपाशी बसवायचा, असा ठराव होता. खालची आळी म्हणजे मामांचीच.

"म्हणजे आता मी चढावर पाण्याला जायचं? ह्या गुडघ्यांनी? आणि पहिली सही कुणाची, तर आमच्या ह्यांची!"

"अगं, मी वाचलंच नव्हतं."

"बावीस वर्षं काखेत घेऊन फिरताय. एकदा उघडून बघायची होती."

तिने ताट वाढलं आणि तशीच बाहेर पडली. मामा जेवून निघेपर्यंत आळीभर बातमी झाली होती. पहिल्या दारात चष्मा सापडेना. दुसऱ्या दारात हात दुखत होता. तिसऱ्या दारातली म्हातारी म्हणाली, "मामा, तुमची झालीय ना? मग माझी कशाला हवी?"

एकसष्टावी सही काही झाली नाही. मामा सरपंचांकडे गेले.

"साहेब, सभा घ्यावी लागेल."

"कुठली सभा?"

"हीच, वहीतली. माणसं बोलावून."

कार्यालयात खुर्च्या अकराच निघाल्या. जास्त कधी लागल्याच नव्हत्या. खालची आळी झाडून आली आणि जमिनीवर बसली. सरपंचांनी वही वर धरली. "ओरडता कशाला? तुमच्याच आळीतल्या मामांची पहिली सही आहे."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. मामा पाण्याचा जग घेऊन उभे होते. नोकरीची तीन वर्षं उरली होती. मामीने तेवढं मागे वळून पाहिलं नाही.

"ती सही नव्हे, साहेब," मामा म्हणाले. "पेन चालतो का बघत होतो."

हशा पिकला. मत घेतलं, तेव्हा मामांनी जग खाली ठेवून विरोधात हात वर केला. ठराव पडला.

आठवड्याभरात मामांकडची वही गेली आणि टाकी धुण्याचं काम आलं. वही आता दुसरा शिपाई फिरवतो. तो दारात आला की मामा म्हणतात, "बस. मामीचं वाचून होऊ दे."