भांडं घेऊन येणारे पाहुणे

मी पत्रकं लिहिते. लग्न ठरवताना जात विचारू नका, आंतरजातीय जोडप्याला भाड्याने घर द्या, मुलीने मुलगा पसंत केला तर तिला कोणी फूस लावली असं म्हणू नका. एका पानात बसणारं, समोरच्याला पळवाट न ठेवणारं लिहायचं. रविवारी सकाळी कोथरूडच्या सोसायट्यांच्या फाटकाशी उभी राहून मी ती वाटते. घेणारे बरेचजण आधी पान उलटून मागे कुठल्या क्लासची जाहिरात आहे का ते बघतात.

आमचं घरही कोथरूडलाच. तिथे माझी पत्रकं चालत नाहीत. तिथे ऑस्ट्रेलियन मालिका चालतात.

याला कारण माझा भाऊ. तो मेलबर्नला असतो आणि तिथल्या मैत्रिणीबरोबर एका घरात राहतो, लग्नाशिवाय. हे कळल्यावर आई काही दिवस कोणाशी धड बोलली नाही. मग एका दुपारी बाबांना म्हणाली, अहो, तिकडची माणसं घरात कशी वागतात ते कुठे बघायला मिळेल का? बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय शेरा मारायचा नाही, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी टीव्हीवर शोधून शोधून तिकडच्या कौटुंबिक मालिका आणि सिनेमे काढले आणि रोज चहाच्या वेळेला पाहणी सुरू झाली.

आधी मी नाक मुरडलं. समुद्रकिनारा स्वतःच्या मालकीचा असल्यासारखी राहणारी गोरी माणसं, त्यांची प्रेमं, त्यांचे घटस्फोट. मला काय त्याचं? पण कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसले की कान तिकडे जायचे, मग डोळेही. मालिकेपेक्षा आईचे प्रश्न भारी असायचे. नाताळात ही माणसं घाम पुसत का बसतात? दुकानात अनवाणी जातात आणि पलंगावर बूट घालून चढतात, हे उलटं कसं? फोन ठेवताना दर वेळी प्रेम असल्याचं सांगतात, पण जेवलास का, हे एकालाही कसं सुचत नाही? एका मालिकेत घटस्फोट झालेला नवरा मागच्या अंगणातल्या शेडमध्येच राहायचा आणि बायकोच्या नव्या नवऱ्याबरोबर मासे पकडायला जायचा. मग घटस्फोट घेतला कशाला, असं आईने फटकारलं. पुढच्या भागात तो आजारी पडला, तर सगळ्यात जास्त काळजी आईलाच.

बाबांना त्यांचे उच्चार कळत नसत, म्हणून खालची इंग्रजी अक्षरं वाचून होईपर्यंत ते चित्र थांबवून ठेवत. तेवढा वेळ पडद्यावरचं कोणीतरी तोंड अर्धवट उघडं ठेवून ताटकळत राही.

सगळ्यात जास्त खल झाला तो भांड्यांवर. त्या मालिकांमध्ये कोणाकडे जेवायला जाणारा माणूस स्वतः काहीतरी शिजवून भांड्यातून घेऊन जातो. आईला हे पटेचना. जेवायला बोलवायचं आणि वर सांगायचं, येताना करून आणा? "आणि कंजूष म्हणून नाव पुण्याचं," ती म्हणाली. पण त्यानंतर ती प्रत्येक मालिकेत भांड्यावर नजर ठेवून बसायची. झाकण कोण उघडतं, घरचं आणि बाहेरचं एकाच टेबलावर ठेवतात का, नंतर भांडं परत कसं करतात, धुऊन की तसंच? यजमानीण दारातच झाकण उघडायची, वास घ्यायची आणि ते भांडं आपल्या पदार्थांच्या मधोमध ठेवायची. आई हे टक लावून बघायची.

मग एका मालिकेत तो मुलगा आला. त्या मालिकेच्या सुरुवातीला दर वेळी एक पाटी यायची, की ही जमीन मूळ ज्यांची, त्यांना आम्ही मान देतो. प्रेमकथेच्या आधी असली पाटी लावणारा देश मला नवीनच होता. खरोखर मान देतात की नुसती पाटी लावतात, हे मात्र तिसऱ्या-चौथ्या भागात दिसलं. घरातल्या मुलीने त्या मूळ रहिवाशांपैकी एका मुलाला जेवायला आणलं. कोणी त्याचा अपमान केला नाही. सगळे फार सभ्यपणे वागले. बापाने त्याला कुठला खेळ आवडतो ते विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं नाही.

आई भडकली. "काय वाईट आहे हो त्या मुलात? शिकलेला आहे, हसरा आहे. कोण समजतात हे स्वतःला?"

मी लॅपटॉप मिटला. कारण माझ्याही आयुष्यात एक शिकलेला, हसरा मुलगा आहे. तो हडपसरच्या पुढे लोणी काळभोरला राहतो, तिथल्याच कॉलेजात शिकवतो. त्याच्या आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता. घरी सांगून बरेच महिने झाले होते. आमच्या घरात कोणी नाही म्हणत नाही, बघू म्हणतात. भावाच्या मैत्रिणीला मात्र एका व्हिडिओ कॉलवर सालस ठरवून झालं होतं.

मी म्हणाले, "आई, टीव्हीतला तो मुलगा लोणीत राहतो."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"ते तिकडचं आहे," आई म्हणाली, आणि बाबांनी चित्र पुढे चालू केलं.

राग आलाच. पण रागापेक्षा मला कुतूहल वाटत होतं. सातासमुद्रापलीकडचं ज्या बाईला इतकं स्वच्छ दिसतं, तिच्या डोळ्यांपुढे हडपसर ओलांडलं की धुकं का पडतं? यावर पत्रक लिहायला बसले. पहिल्या ओळीपुढे जाता आलं नाही.

आईलाही ते कुठेतरी टोचलं असावं. काही दिवसांनी तीच म्हणाली, त्याला आणि त्याच्या आईला एकदा चहाला बोलाव. नुसता चहा. या 'नुसता'चा अर्थ मला कळत होता. भावाची मैत्रीण सुट्टीत आली होती तेव्हा पुरणपोळ्या झाल्या होत्या. त्यालाही तो अर्थ कळला. तो एवढंच म्हणाला, "आईला मी एकदाच आणीन. परत परत कोणाच्या दारात उभी नाही करणार." म्हणजे हा चहा फसला तर सगळंच संपणार होतं. आणि हो, चहाचा मोर्चा करू नकोस, असंही त्याने मला बजावलं.

त्याची आई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. आमच्याकडच्या मालिकांच्या गमती मी तिला सांगितलेल्या होत्या. ती हसली होती आणि म्हणाली होती, मग मीही भांडं घेऊनच येईन. आली ती खरंच स्टीलचा डबा घेऊन. आत गव्हाची खीर.

आई म्हणाली, कशाला एवढा त्रास घेतलात, आणि डबा आत घेऊन गेली. बाहेर आली ती चिवड्याच्या बश्या घेऊन. मग गुडघेदुखी, सोलापूर रस्त्यावरची वाहतूक. बाबांनी त्याला विचारलं, क्रिकेट बघता का? त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. हसायची सोय नव्हती. निघताना त्याची आई म्हणाली, डबा राहू दे, घाई नाही.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. डबा ओट्यावर होता, झाकण लावलेला. मला बोलायला भरपूर सुचत होतं. मी कपबश्या विसळायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर डबा धुऊन पालथा घातलेला.

"खीर कुठे गेली?"

"कुठे जाणार? खाल्ली."

"कोणी?"

"मी. वेलदोडा जास्त झालाय. गहू मात्र सुरेख शिजलेत. भिजवायचे, कांडायचे, हल्ली कोण करतं एवढं."

"आणि बाबांनी?"

"त्यांना साखर आहे."

"काल चहात चालली की."

"मग त्यांनाच विचार."

बाहेर बाबांनी चित्र थांबवलेलं होतं. ते खालची अक्षरं वाचत होते. फारच वेळ वाचत होते. मी त्यांना विचारलं नाही, आईलाच विचारलं, की काल सगळ्यांसमोर का नाही उघडलास?

आईने पालथा डबा उचलून पुसायला घेतला. मग म्हणाली, "काल नाही जमलं मला."

असलं उत्तर मला पत्रकं वाटताना कोणी कधी दिलेलं नाही. 

"रिकामा डबा परत द्यायचा नसतो," तिने विषय बदलला. "त्यांच्याकडे काय चालतं?"

मी लगेच पेटले. "माणसंच आहेत ती. सगळं चालतं."

"अगं बाई, तिखट चालतं का ते विचारतेय. अळूवड्या करायच्यात. मोर्चा आवर."

मी आवरला. चालतं म्हणाले, आणि डबा मी उद्या त्याच्याकडे देईन, असंही सांगितलं.

"तुझ्याकडे कशाला? तिने माझ्या हातात दिला होता," आई म्हणाली. फ्रीजमधून अळूची पानं काढून ती एकेक पुसायला लागली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हडपसरहून लोणीची बस मिळते ना गं?"