न कोसळणारा स्क्रीनसेव्हर

ढाणकीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, तेव्हा त्यासोबत स्क्रीनसेव्हरची अख्खी जत्राच आली. फिरणारी दातेरी चाकं, पोहणारे मासे, काय काय. मला त्यांचं फार कौतुक, पण मशीनला ते झेपत नव्हते. मी चहाला उठलो की मासे दोन मिनिटं पोहायचे, मग प्रोग्रॅम कोसळायचा आणि कुलूप घातलेली स्क्रीन सताड उघडी. बाकावर बसलेल्यांना कुणाचंही आधार कार्ड वाचता यायचं.

मी पडलो हट्टी. स्क्रीनसेव्हर बंद करायचे सोडून एकेक चालवून पाहिला. कोसळला की यादीतून बाद. आठवड्याअखेर एकच टिकला, फोल्डरमधले फोटो आळीपाळीनं दाखवणारा. फोल्डर कुठलं, हे बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

महिन्याभरापूर्वी जवळच्या बंजारा तांड्यावरची एक सून भावासोबत येऊन नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरून गेली होती. जाताना मला म्हणाली, "घरी मालूम नका पडू देऊ, भाऊ. मामाजी परीक्षेले जाऊच देनार नाहीत."

बाजाराच्या दिवशी तेच मामाजी, म्हणजे तिचे सासरे, सातबारा काढायला आले. मी प्रिंटरचे कागद आणायला आत गेलो. बाहेर येऊन पाहतो तर स्क्रीनभर तिचा फोटो. स्कॅन केलेलं सगळं मी त्याच फोल्डरमध्ये ठेवत होतो. म्हातारा खुर्ची पुढे ओढून फोटो निरखत होता, आणि मला एक बटण दाबायचंही सुचेना. पोरीची परीक्षा मी बुडवली होती.

"कोनाची पोरगी होय हे, भाऊ?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, ते मुद्दाम विचारताहेत. मग उलगडा झाला, आणि तो धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. सासऱ्यासमोर सुनेनं घुंगट वर करायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत. सहा वर्षं ती त्यांना जेवायला वाढत होती, आणि त्यांनी तिचा चेहरा पाहिलेलाच नव्हता.

"हाये एक गिऱ्हाईक," मी कसंबसं म्हणालो.

"शिकेल-सवरेल दिसते." ते अजून फोटोच पाहत होते. "आमच्या घरी अशी एखांदी असती, तं बरं झालं असतं."